पासवर्ड बरोबर असूनही लिनक्सवर वायफाय जोडलं जात नाही तेव्हा

लिनक्सच्या लॅपटॉपवर वायफायचा पासवर्ड टाकला, चक्र फिरत राहिलं, आणि थोड्या वेळानं तीच पासवर्डची चौकट पुन्हा समोर. ग्वाल्हेरला लष्कर भागात ओळखीच्या घरांतून माझ्याकडे लॅपटॉप येतात ते बहुतेक याच तक्रारीचे. पुण्याच्या नातेवाइकानं नवा घेतला की जुना इकडे भाच्याकडे, पुतणीकडे येतो. विंडोज त्यावर रखडतं म्हणून कोणीतरी मिंट किंवा उबुंटू हे लिनक्सचे प्रकार टाकून देतं. मशीन चालायला लागतं, वायफाय तेवढं अडतं. "मावशी, पासवर्ड कितीदा तपासला, बरोबरच आहे हो," असं पोरं म्हणतात. माझा अनुभव असा, की बहुतेक वेळा ती खरंच सांगत असतात.

चौकट पुन्हा आली म्हणजे पासवर्ड चुकला, असं धरून चालू नका. का ते समजून घेतलं तर पुढचं अर्धं काम सोपं होतं.

डब्ल्यूपीए२ ही घरच्या वायफायची नेहमीची सुरक्षा पद्धत. तिच्यात पासवर्ड हवेतून कधीच जात नाही. लॅपटॉप आणि राउटर दोघेही पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून, त्यावर ४०९६ वेळा गणित करून, २५६ बिटांची एक किल्ली आपापल्या जागी बनवतात. मग चार निरोपांची देवाणघेवाण होते. पहिल्या निरोपात राउटर एक यादृच्छिक आकडा पाठवतो. लॅपटॉप त्यात आपला आकडा आणि दोन्ही उपकरणांचे पत्ते मिळवून त्या जोडणीपुरती किल्ली काढतो, आणि दुसऱ्या निरोपावर त्या किल्लीची खूण करून पाठवतो. खूण जुळली तर राउटर तिसरा निरोप पाठवतो, लॅपटॉप चौथ्यानं पोच देतो. खूण जुळली नाही तर राउटर काहीच सांगत नाही. दुसरा निरोप टाकून देतो, पहिला पुन्हा पाठवतो, आणि शेवटी कंटाळून जोडणी तोडतो.

आता लॅपटॉपच्या बाजूनं बघा. त्याला दिसतं ते एवढंच, की तिसरा निरोप आला नाही. पासवर्ड चुकला तरी तिसरा निरोप येत नाही, आणि सिग्नल कमजोर असल्यामुळे दुसरा निरोप वाटेत हरवला तरी येत नाही. ड्रायव्हर, म्हणजे वायफायचं कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, अडखळला तरी तेच. लॅपटॉपला या तिन्हींतला फरक कळण्याचा मार्गच नसतो, म्हणून तो पासवर्ड चुकला असेल असा अंदाज करतो आणि चौकट पुढे करतो.

म्हणून माझा आग्रह एकच: जोडणी नेमक्या कुठल्या पायरीवर तुटते ते आधी शोधा, तोपर्यंत काहीही बदलू नका. पुन्हा इन्स्टॉल करणं तर अजिबात नको. पायऱ्या अशा: कार्ड चालू असणं, ड्रायव्हर चढणं, नेटवर्क दिसणं, राउटरनं आत घेणं, किल्लीची जुळवाजुळव, आयपी पत्ता मिळणं, आणि शेवटी नावावरून साइट उघडणं. कूटबद्धीकरणाचा, म्हणजे संदेश किल्लीनं गुप्त करण्याचा, संबंध राउटरनं आत घेणं आणि किल्लीची जुळवाजुळव या मधल्या दोन पायऱ्यांशीच आहे.

एक सूचना. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या. अपवाद दोनच: नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) या नावातले एन आणि एम मोठे, आणि देशाचा कोड आयएन हा पूर्ण मोठ्या अक्षरांत.

सगळ्यात आधी मी फोनचा हॉटस्पॉट लावून बघते. फोनमध्ये सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ आणि बँड २.४ गिगाहर्ट्झ निवडायचा, पासवर्ड साधा आठ-दहा अक्षरांचा ठेवायचा आणि फोन लॅपटॉपच्या शेजारी ठेवायचा. हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडला गेला तर कार्ड, ड्रायव्हर, किल्लीची जुळवाजुळव सगळं चालतंय. मग दोष घरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये, अंतरात किंवा लॅपटॉपनं साठवलेल्या जुन्या नोंदीत शोधायचा. हॉटस्पॉटलाही जोडला गेला नाही तर राउटरला हात लावायची गरज नाही, लॅपटॉपकडेच बघायचं. इतक्या कमी वेळात इतकं सांगणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

कार्ड बंद आहे का हे पाहायला:

आरएफकिल लिस्ट

सॉफ्ट ब्लॉक्ड समोर यस असेल तर "आरएफकिल अनब्लॉक वायफाय" द्या. हार्ड ब्लॉक्ड समोर यस असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा एफएन-की शोधा, ते कमांडनं सुटत नाही.

ड्रायव्हरसाठी:

एलएसपीसीआय -एनएनके

यात नेटवर्क कंट्रोलर असं लिहिलेल्या ओळीखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" दिसायला हवं. इंटेलच्या कार्डाला आयडब्ल्यूएल-वायफाय, जुन्या एथेरॉसला एटीएच९के असं नाव येतं, आणि ही दोन्ही सहसा त्रास देत नाहीत. ती ओळच नसेल तर कार्डाला ड्रायव्हर मिळालेला नाही. जुन्या लॅपटॉपांत ब्रॉडकॉमची कार्डं बरीच सापडतात, त्यांना वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर, उबुंटूत ॲडिशनल ड्रायव्हर्स उघडा. पण ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेट तर नाही! अशा वेळी फोन यूएसबी केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला वायफायचा ड्रायव्हर लागत नाही, लॅपटॉपला ते तारेचं नेट वाटतं.

इथे एक जागा अशी आहे जिथे हमखास अडकायला होतं. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर बाहेरून टाकलेला ड्रायव्हर सही पटल्याशिवाय चढत नाही. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. मशीन पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो, तिथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत कंटिन्यू बूट दाबलं की ड्रायव्हर डिस्कवर असतो, पण चालत नाही. तो निळा पडदा दिसला की थांबा आणि नीट वाचा.

ड्रायव्हर आहे, पण घरचं नेटवर्क यादीत नाही? यादी अशी काढा:

एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट

शेजाऱ्यांची नेटवर्कं दिसतात आणि आपलं दिसत नाही, असं असेल तर चॅनेलचा, म्हणजे राउटर लहरींच्या पट्ट्यातला कुठला भाग वापरतो त्याचा, संशय घ्या. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते-येते. राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला की चॅनेल स्वतःच निवडतो, आणि कधी तो १२ किंवा १३ निवडतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झमध्ये १ ते १३ सगळे चॅनेल चालतात. पण लॅपटॉपनं देश अमेरिका धरला असेल तर १२ आणि १३ त्याच्यासाठी बंदच असतात, त्यामुळे तिकडचं नेटवर्क त्याला दिसत नाही. म्हणून फोनवर नेट चालू आणि लॅपटॉपवर नेटवर्कचा पत्ता नाही, असा प्रकार होतो, आणि तोही कालपर्यंत सगळं नीट चालत असताना. "आयडब्ल्यू रेग गेट" दिल्यावर कुठला देश धरला आहे ते कळतं. "सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन" देऊन भारत सांगता येतो, पण इंटेलची बरीच कार्डं देश स्वतःच ठरवतात आणि हे ऐकत नाहीत. त्यापेक्षा राउटरमध्येच चॅनेल ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ यांपैकी एक कायमचा ठेवावा. घरातल्या सगळ्या उपकरणांचा प्रश्न एकदम सुटतो.

नेटवर्क दिसतं, पण सिग्नल किती? वरच्याच यादीत सिग्नलचा आकडा शंभरपैकी असतो. दौलतगंज, माधवगंज भागातल्या जुन्या घरांच्या दगडी भिंती हातभर जाडीच्या आहेत. पाच गिगाहर्ट्झची लहर अशा दोन भिंती ओलांडेपर्यंत पार थकते. नाव दिसायला राउटरची एकतर्फी हाक ऐकू आली तरी पुरते, पण किल्लीच्या जुळवाजुळवीला चारही निरोप दोन्ही बाजूंनी पोहोचावे लागतात. त्यात राउटरचा आवाज मोठा आणि लॅपटॉपचा लहान. म्हणजे लॅपटॉपला राउटर ऐकू येतो, राउटरला लॅपटॉप नाही. अशा वेळी पासवर्डची चौकट वारंवार येते, आणि पासवर्ड अगदी बरोबर असतो. लॅपटॉप उचलून राउटरच्या खोलीत न्या. तिथे लगेच जोडला गेला तर दुखणं भिंतीचं आहे. राउटर मधल्या चौकाकडे सरकवा, किंवा त्या खोलीपुरतं २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वापरा.

आता पासवर्डकडे येऊ, कारण कधीकधी तो खरंच चुकतो. मराठी टायपिंग करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बघावी: कीबोर्ड कुठल्या लिपीवर आहे? इनस्क्रिप्ट चालू राहिलेला असला तर चौकटीत देवनागरी अक्षरं जातात आणि दिसतात नुसते ठिपके. डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून पासवर्ड उघडा करून बघा. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असावा लागतो. व्हॉट्सॲपवरून चिकटवताना शेवटी एक मोकळी जागा येते, तीही पासवर्डाचा भाग धरली जाते. नेटवर्कचं नाव देवनागरीत ठेवायची हौस असेल तर जरूर ठेवा, पण नावाला एकूण ३२ बाइटच मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना-मात्राही चिन्हंच, त्यामुळे नाव दहा चिन्हांच्या आत बसवावं लागतं.

राउटरचं नाव बदललं आणि पासवर्ड तोच ठेवला तरी किल्ली बदलते, कारण किल्ली बनवताना नावही त्यात मिसळलेलं असतं. लॅपटॉपमध्ये पासवर्ड अक्षरांत साठवला असेल तर नव्या नावासाठी नवी किल्ली आपोआप निघते. पण कोणी ६४ अंकांची तयार किल्ली फाइलमध्ये घालून ठेवली असेल तर ती आता निरुपयोगी आहे.

जुनी साठवलेली नोंदही पुष्कळदा आडवी येते. ती पुसून नव्यानं जोडा:

एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट "नाव"

एनएमसीएलआय --आस्क डिव्हाइस वायफाय कनेक्ट "नाव"

आस्क लिहिल्यामुळे पासवर्ड वेगळा विचारला जातो. कमांडमध्येच लिहिला तर तो टर्मिनलच्या इतिहासात उघडा पडून राहतो, ते टाळलेलं बरं.

एवढ्यानं सुटलं नाही तर नोंदी वाचायच्या. दोन टर्मिनल उघडा. एकात हे चालू ठेवा आणि दुसऱ्यातून जोडायचा प्रयत्न करा:

सुडो जर्नलसीटीएल -एफ -यू डब्ल्यूपीए_सप्लिकंट -यू नेटवर्कमॅनेजर

ओळी भराभर येतात, घाबरू नका, त्यातल्या मोजक्याच कामाच्या असतात. "असोसिएटेड विथ" दिसलं म्हणजे राउटरनं आत घेतलं. त्यानंतर "फोर-वे हँडशेक फेल्ड" किंवा "रीझन=राँग_की" आलं, किंवा तोडण्याचं कारण १५ दिसलं, तर चार निरोपांमध्ये खोळंबा झाला: पासवर्ड, सिग्नल किंवा ड्रायव्हर. नेटवर्क डब्ल्यूपीए२ चं असून "असोसिएटेड" यायच्या आधीच नकार दिसला तर पासवर्डाचा विचार बाजूला ठेवा. राउटरमध्ये एमएसी पत्त्यांची (प्रत्येक कार्डाच्या ओळख क्रमांकांची) यादी लावलेली आहे का बघा, किंवा सुरक्षेचा प्रकार जुळत नाही का ते बघा. "की निगोशिएशन कम्प्लीटेड" ही ओळ आली तर कूटबद्धीकरणाचं काम पार पडलं, यापुढचा बिघाड आयपी पत्त्याचा आहे. या तीन ठिकाणांपैकी आपण कुठे आहोत ते कळलं की शोध फार लहान होतो.

सुरक्षेचा प्रकार जुळत नाही, हे नव्या राउटरांबरोबर वाढत चाललं आहे. डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये आलं. त्यात पासवर्डाची पडताळणी एसएई नावाच्या वेगळ्या पद्धतीनं, आत घेण्याच्या आधीच होते. शिवाय व्यवस्थापनाच्या संदेशांचं संरक्षण, म्हणजे पीएमएफ, त्यात सक्तीचं आहे. नवा राउटर बहुधा डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही एकत्र चालू ठेवतो. नव्या लॅपटॉपला त्यानं फायदाच होतो. पण जुनं कार्ड किंवा अर्धवट ड्रायव्हर एसएई करायला जातो आणि तिथेच अडतो. ब्रॉडकॉमच्या डब्ल्यूएल ड्रायव्हरला तर डब्ल्यूपीए३ येतच नाही. नेटवर्कमॅनेजरच्या नव्या आवृत्त्या डब्ल्यूपीए-पीएसके लिहिलं तरी जमेल तिथे डब्ल्यूपीए३ वापरू पाहतात. म्हणून नुसतं डब्ल्यूपीए२ तपासायचं असेल तर पीएमएफ बंद करावा लागतो:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "नाव" वायफाय-सेक.की-एमजीएमटी डब्ल्यूपीए-पीएसके वायफाय-सेक.पीएमएफ १

यातला १ म्हणजे बंद, २ म्हणजे जमल्यास, ३ म्हणजे सक्ती, आणि ० म्हणजे मुळात ठरलेलं. हे करून जोडलं गेलं तर कारण सापडलं. चांगल्या कार्डावर चाचणी झाल्यावर पुन्हा ० करा. जुन्या कार्डाला मात्र ते तसंच राहू द्यावं लागेल. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला असेल तर लॅपटॉपमध्ये काहीही केलं तरी जुनं कार्ड जोडलं जाणार नाही. राउटरला मिश्र प्रकार द्या, नाहीतर डब्ल्यूपीए३ येणारं यूएसबी कार्ड घ्या. घेण्याआधी त्यातली चिप कुठली आणि तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे का, ते तपासा. खोक्यावरचं कंपनीचं नाव बघून हे कळत नाही.

हे सगळं करताना कोणी सांगतं, "राउटरला सुरक्षाच काढून टाक, पटकन जोडलं जाईल." असं करू नका, तात्पुरतंसुद्धा नाही. चाचणीसाठी फोनचा हॉटस्पॉट आहे, घरचं नेटवर्क उघडं टाकायची गरज नाही. डब्ल्यूईपी हा डब्ल्यूपीएच्या आधीचा सुरक्षेचा पर्यायही जुन्या राउटरांत दिसतो. त्याची फोड २००१ मध्येच झाली आहे, आणि आजच्या डब्ल्यूपीए सप्लिकंटमध्ये (लिनक्समध्ये किल्लीची जुळवाजुळव करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तो मुळात धरलेलाही नसतो. टीकेआयपी ही कूटबद्धीकरणाची जुनी पद्धतही नको. तो सुरक्षित राहिलेला नाही, आणि नुसत्या टीकेआयपीवर जोडणी झाली की वेग ५४ मेगाबिटच्या पुढे जात नाही. शंभर मेगाबिटचा प्लॅन घेतलेल्या घरात वीसच मिळतात अशी तक्रार आली की मी राउटरमध्ये ही ओळ आधी बघते. डब्ल्यूपीए२ आणि एईएस ही कूटबद्धीकरणाची पद्धत, याच्या खाली उतरायचं नाही. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ च्या चार निरोपांतच क्रॅक नावाचा दोष सापडला होता. लिनक्समध्ये त्याची दुरुस्ती लगेच आली, पण अपडेट न घेतलेल्या मशीनवर ती कशी पोहोचणार? म्हणून वायफाय सुरू झालं की पहिलं काम अपडेट.

जोडलं गेलं, पण साइट उघडत नाहीत, हा वेगळा विषय आहे, थोडक्यात सांगते. "आयपी ए" दिल्यावर पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल किंवा पत्ताच नसेल तर राउटरनं पत्ता दिलेला नाही, राउटर बंद करून पुन्हा सुरू करा. पत्ता आहे, "पिंग ८.८.८.८" ला उत्तर येतं, पण नावानं साइट उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बदला. जोडणी मधूनमधून आपोआप तुटत असेल तर कार्डाची वीजबचत बंद करून बघा:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "नाव" वायफाय.पॉवरसेव्ह २

कॉलेजच्या वायफायचं निराळं असतं. तिथे सगळ्यांना एक पासवर्ड नसतो, प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड वेगळा, आणि सर्व्हर आपली ओळख प्रमाणपत्रानं पटवतो. प्रमाणपत्राला तारखांची मुदत असते. जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असला की बंद केल्यावर घड्याळ मागे जातं, आणि त्या घड्याळाच्या हिशेबानं प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नसते. घरी सगळं नीट चालतं, कारण घरच्या डब्ल्यूपीए२ ला तारखेशी देणंघेणं नाही, आणि नेट मिळालं की घड्याळ आपोआप सुधारतंही. कॉलेजमध्ये मात्र नेट मिळायच्या आधीच तारीख लागते. "डेट" ही कमांड देऊन बघा. तारीख चुकीची असेल तर हातानं बरोबर करून जोडा, आणि सेल बदलून घ्या. हा सेल स्वस्त असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. काही लॅपटॉपांत मात्र तो तारेच्या वेष्टनात असतो, तेव्हा आधी उघडून बघा.

उबुंटू २२.०४ पासून ओपन-एसएसएलची (प्रमाणपत्रं तपासून सुरक्षित जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरची) तिसरी आवृत्ती आली, ती जुन्या सर्व्हरांशी बोलायला नकार देते. नोंदींत "अनसेफ लेगसी रीनिगोशिएशन डिसेबल्ड" असं दिसलं तर दोष लॅपटॉपचा नाही, कॉलेजचा सर्व्हर जुना आहे. ती ओळ जशीच्या तशी उतरवून तिथल्या संगणक विभागाला दाखवा.

आणि "नो सीए सर्टिफिकेट इज रिक्वायर्ड" या खुणेवर टिचकी मारून सुटका करून घेऊ नका. ती खूण केली की त्याच नावाचं खोटं नेटवर्क कोणीही फाटकाबाहेर उभं करू शकतं, आणि तुमचा लॅपटॉप त्यालाच कॉलेज समजून लॉगिनची देवाणघेवाण करतो. त्यातून पासवर्ड काढता येतो, आणि बहुतेक मुलांचा तोच पासवर्ड परीक्षेच्या पोर्टलवरही असतो. विभागाकडून प्रमाणपत्राची फाइल आणि सर्व्हरचं नाव मागून घ्या आणि दोन्ही जोडणीत भरा.

इतकं करूनही अडलं आणि कोणाला विचारायचं झालं, तर चार गोष्टी पाठवा: लिनक्सचं नाव आणि आवृत्ती, एलएसपीसीआयमधल्या कार्डाच्या ओळी, राउटरमधला सुरक्षेचा प्रकार, आणि नोंदींतल्या तुटण्याच्या आसपासच्या वीसेक ओळी. हॉटस्पॉटला काय झालं तेही लिहा. पाठवण्याआधी नोंदींतलं नेटवर्कचं नाव आणि एमएसी पत्ते खोडा. एटसी खालच्या नेटवर्कमॅनेजरच्या सिस्टिम-कनेक्शन्स फोल्डरमधली फाइल कोणी मागितली तर ती तशीच देऊ नका. तिच्यात पीएसके असं लिहिलेल्या ओळीवर तुमचा पासवर्ड साध्या अक्षरांत असतो, तेवढी ओळ आधी काढून टाका.